कोणालाच बहुमत नसते तेव्हा

कोल्हापूरच्या माणसाला निकाली कुस्ती आवडते. राजर्षी शाहू छत्रपतींनी उभारलेल्या खासबाग मैदानात दोन तोलामोलाचे मल्ल बराच वेळ झटले आणि अखेर पंचांनी दोघांचेही हात वर करून कुस्ती बरोबरीत सोडविली, म्हणजे वरच्या पायऱ्यांवरून जी आरोळी उठते तीत कौतुकापेक्षा तक्रारच अधिक असते. पैसे मोजून आलेल्या प्रेक्षकाला कोणाची तरी पाठ मातीला लागलेली पाहावयाची असते. 24 ऑक्टोबर 2019 रोजी महाराष्ट्र विधानसभेच्या निवडणुकीचे निकाल बाहेर पडले आणि पुढे काही दिवसांतच कोणाचेही मंत्रिमंडळ बनत नाही असे दिसू लागले, तेव्हा पेठापेठांतून आणि तालमींच्या कट्ट्यांवरून जे उद्गार निघाले त्यांचा सूर बराचसा या आरोळीसारखाच होता.

आकडे पुष्कळांच्या स्मरणात असतील. तरी ते एकदा समोर ठेवणे बरे. सभागृह 288 सभासदांचे. म्हणजे बहुमतास 145 हवेत. भारतीय जनता पक्षास 105 जागा मिळाल्या, शिवसेनेस 56, राष्ट्रवादी काँग्रेसला 54 आणि काँग्रेसला 44. उरलेल्या 29 जागा अपक्ष आणि लहान पक्ष यांच्यात विखुरल्या. पहिले दोन पक्ष युती करून लढले होते व त्यांची बेरीज 161 भरत होती. तेव्हा शुद्ध गणिताच्या दृष्टीने पाहता युतीला बहुमत होते. परंतु मुख्यमंत्रिपद अडीच अडीच वर्षे वाटून घ्यावयाचे ठरले होते की नव्हते, या एकाच प्रश्नावर ही बेरीज फुटली. कागदावर मिळालेली बेरीज माणसांत मिळाली नाही, आणि मग कोणताही एक पक्ष निम्म्याच्या जवळपासही नाही ही गोष्ट एकदम उघडी पडली.

अशा वेळी लोकांच्या तोंडून तीन प्रकारचे उद्गार हटकून निघतात. पहिला असा की, पुन्हा निवडणूक घ्या. दुसरा असा की, हे सारे एकाच माळेचे मणी. तिसरा उद्गार सुशिक्षित घरांतून विशेष ऐकू येतो: मतदारालाच काही कळत नाही, त्याने धड कोणालाच निवडले नाही. या तिसऱ्या उद्गाराचा विचार आधी केला पाहिजे. कारण तो सर्वांत शहाणपणाचा भासतो आणि सर्वांत कमी खरा आहे.

मतदार बेरजेला मत देत नाही. त्याच्यापुढे एका मतदारसंघाची एकच यादी असते व तीतील एकाच नावापुढचे बटण तो दाबतो. कोल्हापूर जिल्ह्याचेच उदाहरण घ्यावे. जिल्ह्यात दहा जागा. त्या वर्षी त्यांपैकी चार काँग्रेसकडे, दोन राष्ट्रवादीकडे, एक शिवसेनेकडे आणि एक जनसुराज्य पक्षाकडे गेली. दोन जागी अपक्ष निवडून आले. भारतीय जनता पक्षास एकही जागा मिळाली नाही, व 2014 साली सहा जागा जिंकणारी शिवसेना एकीवर आली. यात संदिग्ध असे काय आहे? दहा ठिकाणी दहा स्पष्ट निर्णय झाले. दहा स्पष्ट निर्णयांची बेरीज अस्पष्ट येऊ शकते, ही गोष्ट गणिताच्या पुस्तकात नसली तरी लोकशाहीत नित्याची आहे. पाच भावांनी पाच निरनिराळी स्थळे पसंत केली म्हणून त्यांपैकी कोणालाच मत नाही, असे कोणी म्हणत नाही!

त्या दोन अपक्षांची गोष्ट तर फारच बोधक आहे. शिरोळ आणि इचलकरंजी हे दोन्ही मतदारसंघ शेजारशेजारचे. इचलकरंजीचे अपक्ष आमदार प्रकाश आवाडे यांनी भारतीय जनता पक्षास पाठिंबा दिला. शिरोळचे राजेंद्र पाटील यड्रावकर शिवसेनेच्या बाजूस गेले. दोघेही अपक्ष म्हणूनच निवडून आले होते, आणि कोणाकडे जावे याची सूचना मतपत्रिकेवर लिहिण्याची सोय मतदाराला कोठेच नव्हती. येथे मात्र मतदाराची तक्रार रास्त आहे. त्याचे मत स्पष्ट होते. पुढे त्या मताचे काय झाले हे मात्र त्याला दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात वाचावे लागले.

ही अडचण आजकालची आहे असेही कोणी समजू नये. 1935 च्या कायद्याप्रमाणे 1937 च्या आरंभी प्रांतिक निवडणुका झाल्या, त्या वेळी मुंबई इलाख्याच्या विधानसभेत 175 जागा होत्या. काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरली. परंतु तिचा आकडा निम्म्याला अगदी येऊन भिडला आणि तेथेच थांबला. कोल्हापूर तेव्हा संस्थान होते. येथील प्रजेला त्या निवडणुकीत मत नव्हते. पंचगंगेच्या काठी बसून तिने दुसऱ्यांच्या निवडणुकीची चर्चा करावयाची, इतकेच तिच्या वाट्याला आले होते. काँग्रेसने अट घातली की, गव्हर्नरने आपले खास अधिकार मंत्र्यांच्या दैनंदिन कारभारात वापरू नयेत, असे आश्वासन मिळाल्यावाचून आम्ही अधिकारग्रहण करणार नाही. आश्वासन मिळेना. तेव्हा गव्हर्नर लॉर्ड ब्रेबोर्न यांनी साताऱ्याचे सर धनजीशा कूपर यांस पाचारण केले, आणि 1 एप्रिल 1937 रोजी त्यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. जमनादास मेहता त्यात अर्थमंत्री होते. सातारा रोडच्या कारखान्यातील लोखंडी नांगरामुळे कूपर हे नाव दक्षिण महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या ओळखीचे होते. विधानसभेत मात्र त्यांच्यामागे बहुमताची सावलीही नव्हती.

त्या वेळच्या प्रतिक्रिया आज वाचल्या असता मोठे नवल वाटते. कायदा पाळणाऱ्या नेमस्तांचे म्हणणे असे की, राज्यकारभार एक दिवसही अडता कामा नये. कोणी तरी गाडा ओढलाच पाहिजे. राष्ट्रीय वृत्तीच्या लोकांना ही केवळ गव्हर्नरच्या पदराखालची खुर्ची वाटे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते. परंतु कूपर मंत्रिमंडळाची खरी परीक्षा ज्या ठिकाणी व्हावयाची ते ठिकाण म्हणजे विधानसभा, आणि तिची बैठकच त्या मंत्रिमंडळाने होऊ दिली नाही. सभा भरली की पडणार हे ठाऊक असल्यामुळे ती न भरविणे हाच त्याच्या आयुष्याचा आधार होता. साडेतीन महिने असे गेले. पुढे व्हाईसरॉय लिनलिथगो यांच्या निवेदनाने वातावरण निवळले, जुलैत वर्धा येथे काँग्रेसच्या कार्यकारिणीने अधिकारग्रहणाचा ठराव केला, कूपर बाजूस झाले, आणि 19 जुलै 1937 रोजी बाळासाहेब खेर मुख्य प्रधान झाले. निम्म्याला उणी पडणारी थोडीशी संख्या इतर सभासदांच्या पाठिंब्याने भरून निघाली. त्याच मंत्रिमंडळाच्या कारकीर्दीत 1939 साली मुंबई इलाख्याचा कुळकायदा झाला. काठावरच्या बहुमताने काही मोठे काम होत नाही असे म्हणणारांनी हा कायदा लक्षात ठेवावा.

संयुक्त महाराष्ट्र झाल्यानंतर असा प्रसंग प्रथम आला तो 1978 च्या फेब्रुवारीत. आणीबाणीनंतरची ही विधानसभेची पहिली निवडणूक. त्या वर्षाच्या प्रारंभीच काँग्रेस दुभंगली होती, व तिचे दोन्ही भाग परस्परांविरुद्ध त्वेषाने लढले. निकाल लागला तेव्हा जनता पक्षास 99 जागा होत्या, एका काँग्रेसला 69 आणि इंदिरा गांधींच्या काँग्रेसला 62. शेतकरी कामगार पक्षाचे 13, मार्क्सवादी कम्युनिस्टांचे 9 आणि अपक्ष 28. सर्वांत मोठा पक्ष जनता. पण सत्ता मिळाली ती कालपर्यंत एकमेकांवर चिखल उडविणाऱ्या दोन काँग्रेसना. मार्चमध्ये सांगलीचे वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले आणि दुसऱ्या काँग्रेसचे नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. महाराष्ट्राच्या इतिहासात उपमुख्यमंत्री हे पद प्रथम दिसते ते याच वेळी. अर्थात त्याचा जन्म प्रशासनाच्या गरजेतून नव्हे, तर तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काही तरी ठेवले पाहिजे या गरजेतून झाला आहे.

हा संसार चार महिनेच टिकला. जुलैमध्ये अधिवेशन चालू असतानाच शरद पवार सुमारे चाळीस सहकाऱ्यांसह बाहेर पडले, वसंतदादांनी राजीनामा दिला, आणि 18 जुलै 1978 रोजी पुरोगामी लोकशाही दलाचे मंत्रिमंडळ आले. मुख्यमंत्र्यांचे वय सदतीस. जनता पक्ष, फुटून आलेले काँग्रेसजन आणि डावे पक्ष अशी ही मोट. कोल्हापुराशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते शेतकरी कामगार पक्षाचे प्राध्यापक एन. डी. पाटील त्यात सहकारमंत्री होते. एरवी आयुष्यभर विरोधी बाकांवर आणि मोर्चांच्या अग्रभागी दिसणारा हा माणूस मंत्र्याच्या खुर्चीवर बसला तो केवळ त्रिशंकू विधानसभेमुळे.

या घटनेविषयी दक्षिण महाराष्ट्रात दोन तट पडले आणि ते दीर्घकाळ टिकले. एकाच्या मते तो उघड दगा होता. दुसऱ्याच्या मते दोन काँग्रेसची ती कृत्रिम गाठ सुटणे अटळ होते. या वादात निवाडा देण्याचे येथे कारण नाही. मात्र एक गोष्ट नमूद केलीच पाहिजे. ज्यांनी 1978 च्या फुटीस मुत्सद्देगिरी म्हटले त्यांतीलच कित्येकांनी 2019 च्या नोव्हेंबरातील पहाटेच्या शपथविधीस पाप म्हटले. आणि ज्यांनी पहिलीस पाप म्हटले होते त्यांना दुसरीत चाणक्य दिसला. सुशिक्षितांच्या नीतिशास्त्राची पाने आपला पक्ष कोणत्या बाजूस आहे हे पाहून उलटतात, हे काही फारसे भूषणावह नाही. असो. त्या पुलोद मंत्रिमंडळाच्या काळातच, 26 जानेवारी 1979 पासून, रोजगार हमीचा कायदा अंमलात आला. त्याच मंत्रिमंडळाच्या पहिल्या पंधरवड्यात, 27 जुलै 1978 रोजी, मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर भीषण अत्याचार झाले. ठराव करण्यास संख्या पुरते. तो पार पाडण्यास लागणारे बळ त्या मोटेत नव्हते. पुढे 17 फेब्रुवारी 1980 रोजी केंद्राने ते मंत्रिमंडळच बरखास्त केले.

आता पुन्हा 2019 कडे वळू या, कारण त्या महिन्याभरात कोल्हापूर जिल्ह्यात खरोखर काय पणाला लागले होते हे मुंबईच्या बातम्यांत बुडून गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला होता. राजाराम बंधाऱ्याजवळ धोक्याची पातळी 43 फुटांची. पाणी 55 फुटांच्या वर गेले. करवीर तालुक्यातील चिखली, आंबेवाडी ही गावे आणि शिरोळ तालुक्याचा मोठा भाग पाण्याखाली गेला. ऊस उभा कुजला, जनावरे गेली, घरांच्या भिंती बसल्या. त्यातून सावरत असतानाच ऑक्टोबरच्या अखेरीस अवकाळी पावसाने राज्यभर काढणीला आलेली पिके झोपविली. सोयाबीनला शेतातच कोंब फुटले. शेतकरी विचारीत होता तो प्रश्न अगदी साधा होता: पंचनामा झाला, आता पैसे देण्याचा निर्णय कोण घेणार?

9 नोव्हेंबरला जुन्या विधानसभेची मुदत संपली. त्याच्या आदल्या दिवशी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी राजीनामा दिला होता. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी प्रथम भारतीय जनता पक्षास, मग शिवसेनेस, मग राष्ट्रवादीस विचारणा केली. मुदती तासांत मोजल्या गेल्या. आणि 12 नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागू झाली. येथे एक समजूत दूर केली पाहिजे. राष्ट्रपती राजवटीत सरकार नाहीसे होत नाही. जिल्हाधिकारी कचेरीत येतात, तलाठी दप्तर उघडतो, शिक्षकांचे पगार होतात, पोलीस गस्त घालतात. थांबते ते वेगळेच. नवा निर्णय घेऊन त्याची जबाबदारी आपल्या शिरावर घेणारा माणूस नसतो. 16 नोव्हेंबरला राज्यपालांनी खरीप पिकांसाठी हेक्टरी 8,000 रुपये आणि फळबागांसाठी हेक्टरी 18,000 रुपये, तेही दोन हेक्टरांपर्यंतच, अशी मदत जाहीर केली. जमीन महसुलात सूट व विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्काची माफीही दिली. मदत आली हे खरे. ती अपुरी आहे असा आक्रोशही लगेच झाला. पण तो आक्रोश करावयाचा कोणापुढे? राज्यपालांना मतदारसंघ नसतो. आमदार निवडून आले होते खरे, परंतु त्यांचा शपथविधीच झाला नव्हता. त्यांच्यातील पुष्कळ जण मुंबईच्या हॉटेलांत आपापल्या पक्षांच्या पहाऱ्यात होते. मुख्यमंत्री नाही म्हणून मंत्रालयातील मुख्यमंत्री वैद्यकीय सहायता कक्षाचे दारही बंद झाले, आणि दूरच्या जिल्ह्यांतून शस्त्रक्रियेच्या खर्चासाठी अर्ज घेऊन आलेल्या रुग्णांचे नातेवाईक तेथे तिष्ठत राहिले. बहुमताचा प्रश्न हा केवळ चवीने चघळण्याचा विषय नव्हे, हे त्या दाराशी उभे असलेल्यांना कोणी सांगावे लागले नसते.

म्हणून पहिल्या उद्गाराकडे, पुन्हा निवडणूक घ्या या मागणीकडे, या दृष्टीने पाहावे. नव्या निवडणुकीस आणखी कित्येक महिने लागले असते; आणि तेच मतदार, तेच उमेदवार, तेच पक्ष असताना बेरीज बदलेलच याची हमी कोणी दिली होती? इंग्लंडात 1923 च्या डिसेंबरात हुजूर, मजूर आणि उदारमतवादी अशा तीन पक्षांत कौल विभागला, तेव्हा कोणी मतदाराला परत रांगेत उभे केले नाही. सर्वांत मोठ्या पक्षाचे पंतप्रधान बाल्डविन जानेवारीत पार्लमेंटपुढे गेले, तेथे उघड मतदानात पडले, आणि दुसऱ्या क्रमांकाच्या मजूर पक्षाचे रॅम्से मॅक्डोनल्ड पंतप्रधान झाले. ते मंत्रिमंडळ वर्षभरही टिकले नाही, पण ते आले आणि गेले ते सभागृहाच्या दारातून. उलट बेल्जममध्ये 2010 च्या निवडणुकीनंतर 541 दिवस पक्षांची बोलणीच चालली. तेथे काळजीवाहू मंत्र्यांनी कारभार हाकला आणि देश बुडाला नाही. परंतु बेल्जमच्या शेतकऱ्याला कोल्हापुरी अवकाळी पाऊस भोगावा लागत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

आपल्याकडे कायद्याने या बाबतीत काही वाट आखून दिलेली आहे. सरकारिया आयोगाने 1988 च्या अहवालात राज्यपालांनी कोणाला कोणत्या क्रमाने बोलवावे हे सुचविले: आधी निवडणुकीपूर्वीची युती, मग इतरांचा पाठिंबा असलेला सर्वांत मोठा पक्ष, मग निकालानंतर जुळलेली आघाडी. सर्वोच्च न्यायालयाने 11 मार्च 1994 रोजी बोम्मई खटल्यात सांगितले की, मंत्रिमंडळामागे बहुमत आहे की नाही हे ठरविण्याची जागा राजभवन नसून सभागृह आहे. 1937 साली कूपर मंत्रिमंडळाने जी परीक्षा टाळली तिला आता टाळाटाळ चालू नये, असाच त्याचा अर्थ.

तथापि 23 नोव्हेंबर 2019 रोजी पहाटे पावणेसहाच्या सुमारास राष्ट्रपती राजवट उठली आणि सकाळी आठच्या आसपास राजभवनात देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री व अजित पवार उपमुख्यमंत्री झाले. आदल्या रात्री ज्यांनी उद्धव ठाकरे यांचे नाव ऐकून झोप घेतली होती, त्यांना सकाळचे वर्तमानपत्र एक सांगत होते आणि दूरदर्शनचा पडदा दुसरेच. या शपथविधीवर लोक हसले, चिडले, कित्येक खूषही झाले. परंतु त्याबद्दलची सर्वांत रास्त प्रतिक्रिया बहुधा ती होती जी कोणत्याच पक्षाची नव्हती: जे करावयाचे ते उजेडात करा. रविवार असूनही न्यायालय बसले. 25 तारखेस तीन पक्षांनी एका हॉटेलात आपले 162 आमदार उभे करून दाखविले. विधानभवन असताना हॉटेलात शिरगणती व्हावी, याहून विचित्र दृश्य त्या महिन्यात दुसरे नव्हते. 26 तारखेस न्यायालयाने आदेश दिला की, दुसऱ्या दिवशी सायंकाळी पाचपूर्वी विश्वासमत घ्या, मतदान गुप्त नको, आणि कामकाजाचे थेट प्रक्षेपण करा. आदेश निघाल्यावर काही तासांतच दोन्ही राजीनामे आले. म्हणजे सभागृहाचे दार नुसते किलकिले होताच जे ठरावयाचे ते ठरून गेले.

28 नोव्हेंबरला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरे यांचा शपथविधी झाला. डिसेंबरच्या 21 तारखेस दोन लाखांपर्यंतच्या पीककर्जाच्या माफीची घोषणा झाली. 30 डिसेंबरच्या विस्तारात कोल्हापूर जिल्ह्याच्या वाट्याला तीन मंत्रिपदे आली. त्यांतील एक शिरोळच्या अपक्ष आमदारांचे. पलीकडच्या इचलकरंजीचे अपक्ष आमदार विरोधी बाजूस राहिले. जून 2022 मध्ये तेही मंत्रिमंडळ पक्षफुटीने कोसळले, ही पुढची हकीकत. तिचा निवाडा न्यायालयांतून आणि निवडणुकांतून पुष्कळ काळ चालत राहिला.

परंतु त्या वर्षातला पाहण्याजोगा दिवस म्हणजे शनिवार, 30 नोव्हेंबर. विरोधी पक्ष सभात्याग करून बाहेर गेला होता. हंगामी अध्यक्षांच्या आज्ञेवरून एकेक सभासद आपल्या जागी उभा राही, स्वतःचे नाव आणि अनुक्रमांक मोठ्याने उच्चारी आणि खाली बसे. चौघे तटस्थ राहिले. कोल्हापुरात घरोघरी दुपारची कामे बाजूला ठेवून माणसे पडद्यापुढे बसली होती; आपल्या तालुक्याचा आमदार उभा राहिला की घरातील म्हातारीसुद्धा मान पुढे करून ऐके. मोजणी 169 वर थांबली.